विद्यार्थी संस्थेत पाठवण्याआधी: नर्सिंग कॉलेज आणि सामाजिक संस्थांच्या भागीदारीबद्दल

प्रश्न एका नर्सिंग कॉलेजात समाज आरोग्य परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेचा आहे. रुग्णालयात विद्यार्थ्यांची गर्दी इतकी वाढली आहे की एका पेशंटच्या खाटेभोवती पाच-सहा जण उभे असतात आणि हात एकाचाच लागतो. म्हणून वृद्धाश्रम, बेघरांचा रात्रनिवारा, स्त्रियांचे आधारगृह, विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र अशा संस्थांशी करार करावेत आणि क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेतून शिकण्याचे, काही तास तिथे भरावेत, असे त्यांना वरून सांगितले गेले आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. किती संस्था घ्याव्यात? जिथे नर्सच नाही तिथे देखरेख कोणी करायची? मार्क कसे द्यायचे? आणि संस्थेने विचारले की आम्हाला यातून काय मिळेल, तर काय सांगायचे?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

आपण विद्यार्थी पाठवतो म्हणजे संस्थेला मनुष्यबळ पाठवतो, असे कॉलेजात सगळे धरून चालतात. संस्थेत जरा वेळ बसून पाहिले तर उलटे दिसते. पहिले काही दिवस विद्यार्थी हा संस्थेवरचा भारच असतो. त्यांना जागा दाखवायची, कोणाशी काय बोलायचे नाही ते सांगायचे, रहिवाशांना आधी कल्पना द्यायची, रजिस्टर शोधून द्यायचे, कोणी नको ते विचारून एखाद्याला रडवले तर ते निस्तरायचे. हे सगळे करणारी माणसे संस्थेत एक-दोनच असतात आणि त्यांची रोजची कामे त्यासाठी थांबत नाहीत. पुढे विद्यार्थ्यांना नावे माहीत होतात, रहिवासी त्यांच्याशी मोकळे बोलू लागतात, त्यांचा खरा उपयोग सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच पोस्टिंग संपते. नवी बॅच येते, पुन्हा पहिल्यापासून. शिकवण्याचे कष्ट दरवेळी संस्थेने घ्यायचे आणि त्याचे फळ कोणाच्याच पदरात पडायचे नाही, अशी ही मांडणी आहे. संस्था एक-दोन वर्षे सौजन्याने सहन करतात. मग फोन उचलणे कमी होते.

त्यामुळे माझे उत्तर एका वाक्याचे आहे: बॅच बदलत राहतील, पण संस्थेत चालणारे काम बदलता कामा नये. आधी असे काम ठरवा की जे संस्थेला हवे आहे, वर्षभर चालू शकते आणि परिचर्येचे आहे. मग त्यात विद्यार्थी बसवा. आपण करतो ते नेमके उलटे. आधी वेळापत्रक, मग विद्यार्थ्यांची यादी, मग संस्था, आणि तिथे पोचल्यावर 'आज काय करूया?'

यात नवे काही नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन याने १८५९ मध्ये मेरी रॉबिन्सन या नर्सला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. रॅथबोनच्या पत्नीच्या शेवटच्या आजारपणात तिनेच सेवा केली होती. काम उपयोगाचे आहे हे लवकरच कळले, पण ते वाढवायचे तर प्रशिक्षित नर्सेस मिळेनात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला गेला आणि तिथल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाला जोडून १८६२ मध्ये नर्सिंगची शाळा निघाली. पुढे शहराचे १८ विभाग पाडले गेले आणि प्रत्येक विभागात नर्सबरोबर स्थानिक व्यवस्था पाहणारे लोकही जोडले गेले. क्रम लक्षात घ्या. वस्तीतले काम आधी सुरू झाले आणि त्या कामासाठी शाळा निघाली. आज आपण शाळेच्या तासांसाठी वस्ती शोधत फिरतो.

दुसरा संदर्भ सर्व्हिस लर्निंगचा, म्हणजे लोकांची सेवा करता करता शिकण्याचा. ही संज्ञा अमेरिकेत १९६०च्या दशकात रूढ झाली आणि ती रुजवणाऱ्यांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये तिची तीन तत्त्वे मांडली. सेवा कोणती हवी यावर ताबा सेवा घेणाऱ्यांचा असावा. त्या सेवेतून त्यांची स्वतःची ताकद वाढावी. आणि सेवा देणाराही शिकणारा असतो, तर काय शिकायचे यात त्याचाही शब्द असावा. आपल्याकडच्या बहुतेक करारांना पहिले तत्त्व लावून पाहिले की तिथेच गाडी अडते. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात भागीदारी खालून सहावी आहे. माहिती देणे तिसरी, मत विचारणे चौथी. आपण सहसा चौथ्या पायरीवर उभे असतो आणि कागदावर सहावी लिहितो.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलते. तुमची अडचण फक्त तासांची असेल, तर संस्थांकडे जाऊ नका. अमेरिकेच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत केलेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नीट आखलेल्या आणि प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेल्या सिम्युलेशनने (रुग्णाऐवजी पुतळ्यावर किंवा रचलेल्या प्रसंगात केलेल्या सरावाने) क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास भरले, तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात फरक पडला नाही, असे त्यात दिसले. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी २३०० तासांचे प्रात्यक्षिक शिक्षण लागते आणि त्यातले काही शे तास आता सिम्युलेशनचे चालतात. वॉर्डातली गर्दी कमी करायला तो रस्ता प्रामाणिक आहे, अर्थात तुमच्या नियामक परिषदेची मुभा असेल तर. संस्थेत तेव्हाच जा, जेव्हा तिथे असे काही शिकता येते की जे पुतळ्यावर शिकता येत नाही. आणि तसे पुष्कळ आहे. युरोपीय संघाच्या नियमात सामान्य परिचर्येचे शिक्षण किमान ४६०० तासांचे असून त्यातला निम्मा भाग क्लिनिकल लागतो. त्या क्लिनिकल विषयांच्या यादीत शस्त्रक्रिया, बालरोग, मानसोपचार यांच्या रांगेत 'घरी जाऊन शुश्रूषा' हाही स्वतंत्र विषय आहे. वॉर्ड भरले म्हणून उरलेल्यांना पाठवायची ती जागा नव्हे.

काम कसे असावे, याची दोन उदाहरणे देते.

रात्रनिवाऱ्यात पायांची शुश्रूषा. बेघर माणूस दिवसभर चालतो किंवा उभा असतो, ओले मोजे बदलायला दुसरे नसतात, बूट मापाचे नसतात. बोटांच्या बेचक्यात बुरशी, भेगा, वाढलेली नखे, न जाणवलेली जखम. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, चार खुर्च्या, चार टब. विद्यार्थी पायांची पाहणी करतो, धुतो, बोटांच्या मधली जागा कोरडी करतो, भेगांना मलम लावतो, पण बेचक्यात लावत नाही. मधुमेह असलेल्याचे पाय भिजत ठेवायचे नाहीत, पाण्याची ऊब आधी आपण तपासायची, कारण त्याला चटका कळेलच असे नाही. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाब देणाऱ्या नायलॉनच्या बारीक तंतूने, पायाची संवेदना पाहायची. संवेदना गेलेली असेल किंवा रक्तपुरवठा कमी वाटला तर नखांना हात लावायचा नाही, पुढे पाठवायचे. एवढ्या कामात तिसऱ्या वर्षाचा सारा अभ्यासक्रम येतो: निरीक्षण, जंतुसंसर्ग रोखणे, मधुमेह, त्वचा, जखम, नोंद, रेफरल. शिवाय दुसरे काही घडते. पाय धुताना विद्यार्थी खाली बसलेला असतो आणि माणूस वर. प्रश्नावली हातात नसते. मग तो स्वतःहून सांगतो की गोळ्या चोरीला गेल्या, किंवा दवाखान्यात पत्ता विचारतात म्हणून जात नाही. हिस्टरी घेणे, म्हणजे रुग्णाची आजवरची हकीकत काढणे, म्हणजे काय, हे शिकवायला मला याहून चांगली जागा माहीत नाही.

या कामाचे बळ त्याच्या नियमितपणात आहे. माणूस या आठवड्यात येतो, पुढच्या आठवड्यात येत नाही, तिसऱ्यात पुन्हा येतो. खुर्ची तिथे असली पाहिजे. परीक्षेच्या महिन्यातही असली पाहिजे, सुट्टीतही. म्हणूनच सुट्टीत कोण बसणार, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारा. त्याचे उत्तर कॉलेजकडे नसेल तर काम लहान करा, दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा ठेवा, पण तो दिवस चुकवू नका.

दुसरे उदाहरण वृद्धाश्रमातल्या औषधांचे. प्रत्येक रहिवाशाची एकच खरी यादी तयार करणे आणि ती अद्ययावत ठेवणे हे काम ऐकायला कारकुनी वाटते. करायला घेतले की कळते की एकाच औषधाचे दोन ब्रँड दोन डॉक्टरांनी दिले आहेत, झोपेची गोळी कधीतरी सुरू झाली ती थांबवायची कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि रक्तदाबाच्या गोळीनंतर आजोबा उठताना डोके धरतात. विद्यार्थ्याने मग आडव्या स्थितीत पाच मिनिटे विश्रांतीनंतरचा आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाचा रक्तदाब घ्यायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवायचे. गोळी थांबवायचा निर्णय त्याचा नाही. पण पडण्याआधी पडण्याचे कारण सापडले, हे शिक्षण वॉर्डात फ्रॅक्चर आल्यावर मिळत नाही. संस्थेच्या हाती काय राहते? एक यादी, जी रात्रीच्या अँब्युलन्सबरोबर देता येते. ती यादी पुढच्या बॅचने दुरुस्त करत राहायची.

या दोन्हींच्या शेजारी आपले लाडके आरोग्य शिबिर ठेवून पाहा. बॅनर, एक दिवस, रक्तदाब आणि साखर, दोनशे माणसांची नोंद, फोटो, अहवाल. तपासणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहिले. निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी, हा त्यातला एक. रुग्ण शोधणे ही एकदाच करायची मोहीम नसून सतत चालणारी प्रक्रिया असावी, हा दहावा. एकदिवसीय शिबिर या दोन्हींत नापास होते. ज्याचा रक्तदाब जास्त निघाला त्याला आपण काय देतो? 'डॉक्टरांना दाखवा' एवढे वाक्य. तेही गर्दीत, पाच मिनिटे न बसवता, रक्तदाबाच्या यंत्राचा एकाच मापाचा पट्टा सगळ्यांच्या दंडाला गुंडाळून घेतलेल्या आकड्यावरून. तो माणूस एकतर उगाच घाबरतो किंवा पुढच्या खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करायला शिकतो. विद्यार्थीही काहीतरी शिकतातच, आणि ते वाईट असते: आकडा लिहिला की काम संपले. शिबिर घ्यायचेच असेल तर आधी लिहून काढा की जास्त आकडा निघालेल्या प्रत्येकाला पुढच्या आठवड्यात कोण भेटणार. नाव लिहिता आले नाही तर शिबिर घेऊ नका.

आता किती संस्था. कमी. जमले तर दोन, फार तर तीन. तपासणी समितीला वीस करारांची फाईल आवडते हे मला माहीत आहे. पण विद्यार्थ्यांना सगळे पाहता यावे म्हणून प्रत्येक संस्थेत दोन-दोन दिवस फिरवणे म्हणजे सहल. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याची एक मुख्य संस्था ठेवा आणि तिथून ज्या वाटा निघतात त्या वाटेने त्याला जाऊ द्या. ब्रिटनमध्ये याला हब अँड स्पोक म्हणतात. निवाऱ्यातला एखादा माणूस क्षयरोगाच्या दवाखान्यात जाणार असेल तर विद्यार्थी त्याच्याबरोबर जातो. रांगेत उभा राहतो, चिठ्ठी कुठल्या खिडकीवर मिळते ते पाहतो, किती वेळा परत पाठवतात ते मोजतो. आरोग्यव्यवस्था त्याला माणसाच्या मागून चालताना दिसते. फिरत्या पोस्टिंगमध्ये ती कधीच दिसत नाही.

देखरेखीचा प्रश्न खरा अवघड आहे. संस्थेत समाजकार्यकर्ती असते, अधीक्षक असतात, स्वयंपाकघर पाहणाऱ्या मावशी असतात, पण नर्स नसते. इथे दोन कामे वेगळी करा: रोजचे मार्गदर्शन आणि परिचर्येचे मूल्यमापन. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने २०१८ च्या मानकांत याच भूमिका स्वतंत्र केल्या. रोजची देखरेख नर्सच करेल असे बंधन नाही, इतर नोंदणीकृत आरोग्य किंवा समाजकार्य व्यावसायिकही ती करू शकतात. मूल्यमापन करणारी व्यक्ती मात्र वेगळी आणि त्या क्षेत्रातली पात्र असावी लागते. हा भेद आपल्यालाही उपयोगी आहे. घरात शिरताना कसे बोलायचे, कोणाला कधी भेटायचे, कशाला नाही म्हणायचे, हे समाजकार्यकर्ती आपल्यापेक्षा चांगले शिकवते. जखमेचे ड्रेसिंग बरोबर झाले की नाही, हे तिने सांगायचे नाही आणि सांगायची वेळ तिच्यावर आणायची नाही.

ड्रेसिंग पाहायला कोण? तिथे कॉलेजची माणसेच लागतात, आणि फोनवर नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीने आय-कॅन नावाच्या उपक्रमात जी रचना केली ती मला सर्वांत पटते. वस्तीसाठी कॉलेजची एक शिक्षिका कायमची नेमलेली असते. विद्यार्थी सत्रागणिक बदलतात, शिक्षिका आणि भागीदार संस्था त्याच राहतात. कोणाकडे मदत पोचायला हवी हे त्या संस्था सुचवतात. विद्यार्थी त्यांच्या घरी जातात, दवाखान्याच्या चुकलेल्या तारखा, न कळलेल्या गोळ्या, घरभाड्याचे प्रश्न यांत बरोबर राहतात. एवढा पगार तुमच्या कॉलेजला झेपणार नाही, हे गृहीत धरते. पण एका शिक्षिकेच्या आठवड्यातला एक दिवस कायमचा एका संस्थेच्या नावे लावणे झेपते. ती शिक्षिका दरवर्षी बदलू नका. भागीदारी कॉलेज आणि संस्थेत होत नाही, दोन माणसांत होते. कागद त्यानंतर येतो. (आणि हो, तो दिवस तिच्या कामाच्या तासांत धरा. लेक्चरचा भार तसाच ठेवून वर 'समाजकार्यही बघा' म्हटले की ते सगळ्यात आधी मागे पडते.)

बदलत्या बॅचमध्ये काम अखंड ठेवायचे साधन म्हणजे नोंद. आपल्या फॅमिली फोल्डरची, म्हणजे विद्यार्थी घरभेटीत एकेका कुटुंबाची माहिती लिहितात त्या फाईलची, मला भीती वाटते. सुंदर झाडाचे चित्र, वंशावळ, घराचा नकाशा, बारा पानांची काळजी-योजना, आणि मार्क मिळाले की कपाटात. पुढच्या वर्षी त्याच घरी दुसरा विद्यार्थी जातो आणि पुन्हा विचारतो, घरात माणसे किती? त्या बाईने किती वेळा तेच सांगायचे? फोल्डर विद्यार्थ्याचा नसून कुटुंबाचा असला पाहिजे, संस्थेत किंवा कॉलेजात कुलपाखाली राहिला पाहिजे आणि नव्या विद्यार्थ्याने घरी जाण्याआधी वाचलेला असला पाहिजे. नोंदीची भाषा सगळ्यांची एक असावी, यासाठी ओमाहा सिस्टिम पाहून घ्या. अमेरिकेतल्या ओमाहाच्या व्हिजिटिंग नर्स असोसिएशनने घरभेटीच्या नोंदींसाठी ती १९७०च्या दशकापासून घडवली आणि ती वापरायला परवाना-शुल्क लागत नाही. त्यात ४२ समस्या चार गटांत मांडल्या आहेत: परिसर, मनोसामाजिक, शारीरिक आणि आरोग्यविषयक वागणूक. प्रत्येक समस्येला ज्ञान, वागणूक आणि स्थिती असे तीन अंक, १ ते ५. म्हणजे ऑगस्टमधल्या विद्यार्थ्याने 'पायाची काळजी: ज्ञान २, वागणूक २' लिहिले आणि फेब्रुवारीतल्याने 'ज्ञान ४, वागणूक २' लिहिले, तर लगेच दिसते की माणसाला सगळे समजले आहे, मोजे मात्र मिळालेले नाहीत. आरोग्यशिक्षणाचा तक्ता पुन्हा घेऊन जायची गरज नाही. मोजे मिळवायची आहे.

सगळी ४२ वापरू नका. संस्थेबरोबर बसून आठ-दहा निवडा.

मार्कांबद्दल. परिचर्येची कौशल्ये तुम्ही नेहमीच्या चेकलिस्टवर तपासाल, बॅग टेक्निकही (घरभेटीची पिशवी जंतुसंसर्ग न होऊ देता वापरण्याची पद्धत) त्यात येईल, त्यावर मी वेळ घालवत नाही. प्रश्न उरतो माणसांशी वागण्याचा, आणि तो कोणी ठरवायचा. न्यूझीलंडमधल्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी सांस्कृतिक सुरक्षिततेची कल्पना पुढे आणली आणि १९९०च्या दशकात तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ती शिक्षणाचा भाग केली. तिचा गाभा असा की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणारा ठरवतो, देणारा नाही. हे मूल्यमापनात उतरवायचे म्हणजे रहिवाशांना गुणपत्रिका भरायला लावायची नाही. ज्याच्या राहण्या-जेवण्याची सोय संस्थेवर अवलंबून आहे, तो तुमच्या विद्यार्थ्याला नापास कसा करेल? त्याऐवजी समाजकार्यकर्तीने नंतर, विद्यार्थी नसताना, दोन-तीन जणांना सहज विचारावे: ही मुलगी पुन्हा आली तर चालेल का? काय खटकले? ते नाव न घेता विद्यार्थ्यांपर्यंत पोचवावे. हे मार्कांत धरू नका, पण याकडे दुर्लक्ष झाले तर ते मात्र धरा. ज्याने तीच सवय पुढच्या भेटीतही ठेवली त्याचे गुण कमी व्हावेत.

चिंतनलेखनाचे म्हणाल तर माझा त्यावरचा विश्वास ओसरला आहे. 'या अनुभवाने माझ्यात संवेदनशीलता निर्माण झाली' हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचले आहे की ते कोणी पहिल्यांदा लिहिले ते शोधायला हवे. मार्कांसाठी लिहिलेले चिंतन शिक्षकाला आवडेल तसे होते. त्यापेक्षा त्याच दिवशी, तिथेच, निघण्याआधी अर्धा तास बसा. संस्थेची एक व्यक्ती असू द्या. दोनच प्रश्न: आज कशाचे उत्तर तुमच्याकडे नव्हते, आणि पुढच्या वेळी येणाऱ्याला काय माहीत असायला हवे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे नोंदवहीत जातात आणि हस्तांतर आपोआप होते.

जाण्याआधीच्या तयारीत विद्यार्थ्यांना काय करायचे ते आपण खूप सांगतो, काय करायचे नाही ते कमी. नोंदणीकृत नर्स समोर नसताना इंजेक्शन नाही, औषध देणे नाही, कोणी आग्रह केला तरी नाही. एकट्याने घरभेट नाही. जोडीने जायचे, निघताना आणि परतताना ठरलेल्या नंबरवर कळवायचे. स्वतःचा फोननंबर आणि पैसे द्यायचे नाहीत. फोटो अजिबात नाहीत, पाठमोरेही नाहीत. आधारगृहातल्या बाईला तिच्या बांगडीवरूनही कोणी ओळखू शकते.

आणि एक गोष्ट त्यांच्या कानावर पडणारच, तिची तयारी हवी. कोणीतरी मारहाणीबद्दल सांगेल, एखादे मूल नको त्या स्पर्शाबद्दल सांगेल, कोणी म्हणेल की आता जगायचे नाही. 'कोणाला सांगू नका' असेही म्हणेल. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते गुपित घेऊन घरी जाऊन झोपायचे का? गुप्तता पाळेन असे सरसकट वचन द्यायचे नाही, हे त्याला आधी शिकवा. 'तुमच्या सुरक्षिततेसाठी मला हे एका व्यक्तीला सांगावे लागेल' हे वाक्य वर्गात जोडीजोडीने म्हणून घ्या. ती एक व्यक्ती कोण, तिचे नाव आणि नंबर प्रत्येकाकडे असू द्या. त्या संध्याकाळी त्या विद्यार्थ्याशी शिक्षिकेने बोलायचे, दुसऱ्या दिवशी नाही.

संस्थेला काय द्यायचे, याचे काही उत्तर वर आलेच. कामाशिवाय कॉलेजकडे अशा गोष्टी असतात ज्या संस्थेला विकत घ्याव्या लागतात: कर्मचाऱ्यांना सीपीआर आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, विशेष शाळेतल्या शिक्षकांना मुलाला फिट आली तर काय करायचे याचा सराव, औषधांच्या कपाटाची तपासणी, सुयांच्या विल्हेवाटीची नीट व्यवस्था. हे दरवर्षी द्या, मागायची वाट पाहू नका. समाजकार्यकर्तीला वर्गात बोलवा आणि मानधन द्या, जे इतर पाहुण्या व्याख्यात्यांना देता तेवढेच. संस्थेच्या माहितीवर संशोधननिबंध होणार असेल तर लेखकांच्या नावांत तिचे नाव असेल की नाही, हे माहिती गोळा करण्याआधी ठरवा. आणि विद्यार्थ्यांकडून झाडलोट, कपाटे लावणे, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणे करून घेऊ नका, संस्थेने मागितले तरी. अमेरिकेत १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयांच्या शाळांवर हाच ठपका ठेवला होता, की वॉर्डाची गरज पुढे जाते आणि शिक्षण मागे राहते. संस्थांत तसे व्हायला वेळ लागत नाही, कारण तिथे माणसे आणखी कमी असतात. एखाद दिवशी खुर्च्या उचलाव्यात, त्यात काही नाही. वेळापत्रकात त्या येऊ नयेत.

कराराचा मसुदा वकील करतील. विमा, लसीकरण, अपघाताची जबाबदारी, माहितीची मालकी ही कलमे त्यात येतातच. मी आणखी तीन घालायला सांगते. एक, एका वेळी जास्तीत जास्त किती विद्यार्थी, आणि हा आकडा संस्थेने ठरवायचा. दोन, एखाद्या विद्यार्थ्याला कारण न देता परत पाठवायचा संस्थेला हक्क, आणि त्याबद्दल तक्रार असेल तर ती कॉलेजने विद्यार्थ्यासमोर नव्हे तर संस्थेशी बोलायची. तीन, थांबायचे झाले तर किती आधी सांगायचे. कॉलेजकडून एका सत्राची पूर्वसूचना असावी, चालू नोंदी आणि अपुरी रेफरल्स कोणाकडे सोपवायची ते त्यात लिहिलेले असावे, आणि शेवटच्या भेटींमध्ये रहिवाशांना सांगितले जावे की पुढच्या महिन्यापासून आम्ही येणार नाही, पायाला जखम झाली तर अमुक ठिकाणी जा.